दोरीबाहेरची हाक

एफी मॅकड्रेलने अर्ज इतक्या जोरात परत ढकलला, की तो चहाच्या कपांमधून वाट काढत थेट अध्यक्षांच्या बिस्किटावर जाऊन थांबला.

"एक रकाना मोकळाच धरावा लागेल," टॉर्क्विल मॅकड्रेल बिस्किट सोडवत म्हणाला. "तुमच्या वडिलांचा जन्म कुठल्या घरात झाला?"

"लिहिलंय की. पुलापलीकडे, नदीच्या डाव्या काठाला, तंबूत."

"तंबू म्हणजे घर नव्हे, एफीबाई."

"एफीबाई!" ती हसली. "शाळेत माझ्या वेणीत गोखरू अडकवायचास तेव्हा नुसती एफी होते. अध्यक्ष झालास म्हणून, टॉर्क्विल, लेका, नाहीतर हा मान मला कुठला!"

ड्रेल खोऱ्यात वारा असा सुटतो, की चरताना मेंढ्या एकमेकींच्या शेपट्या तोंडात धरून उभ्या राहतात. दोनदा तर चर्चची घंटा शेजारच्या खोऱ्यात सापडली. पण त्या वाऱ्यालाही जो हलवता आला नाही, तो मॅकड्रेल कुळ-मंडळाचा नियम चौथा: सभासदाने आपली वंशरेषा खोऱ्यातल्या एखाद्या चुलीपर्यंत नेऊन दाखवावी, आणि ती चूल चार भिंतींच्या आत असावी.

एफीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या खोऱ्यातून कथलाची भांडी सांधत, नदीत शिंपले शोधत, लोकांच्या शेतातले बटाटे काढत फिरली. आडनाव मॅकड्रेलच, पण चूल आज या वळणावर तर उद्या त्या. सत्तरीपर्यंत एफीला या मंडळाचं काही पडलेलं नव्हतं. आता होतं, कारण फेब्रुवारीत तिचा भाऊ ह्यू गेला होता. दर ऑगस्टच्या मेळाव्यात, टेकडीवरच्या दगडांच्या राशीपाशी, वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारतात. कुळातलं कुणीतरी "आहे" म्हणतं आणि राशीवर एक दगड ठेवतं. ज्याचं नाव पुकारलं नाही, त्याला खोरं विसरलं. आणि पुकारतात ती फक्त सभासदांची आणि त्यांच्या सख्ख्यांची नावं.

मेळावा त्याच दिवशी दुपारी दोनला होता.

"पुरावा लागतो हो," टॉर्क्विलने समोरच्या लाल पुस्तकावर तळहात ठेवला. नव्वद वर्षांपूर्वी खोऱ्यातल्या पाद्रीबाबांनी लिहिलेली ही वंशावळ. मंडळात कोण आत, कोण बाहेर, ते यावरून ठरायचं. "हे लॉर्न बघा. कॅनडात दातांचे डॉक्टर. पणजोबा या पुस्तकात सापडले आणि नऊ मिनिटांत सभासद झाले."

कोपऱ्यातल्या लॉर्नने नव्या किल्टच्या, कुळाच्या चौकड्यांच्या त्या घागऱ्याच्या, घड्या सारख्या करत मान लववली.

"तोंडी सांगितलेलं चालणार नाही," टॉर्क्विल म्हणाला.

"असं? मग तुझं पान उघड."

ते उघडलं ऊनाने. ऊना मंडळाची चिटणीस. एरवी पोस्ट सांभाळायची. एफीने डोळे मिटले, गुडघ्यावर बोटांनी ताल धरला आणि पोराला झोपवायच्या चालीवर सुरू केलं.

"टॉर्क्विल आर्चीचा, आर्ची फिनलेचा, फिनले तांबड्या यूअनचा, यूअन लंगड्या नीलचा..."

फिनलेपासून पुढे ऊनाचं बोट पानावरून सरकत गेलं. ते एकदाही अडखळलं नाही. आठव्या पिढीला काळा लॅकलन आला. जानेवारीच्या थंडीत, पाठीवर हरिण आणि दातांत तलवार घेऊन, अख्खं सरोवर पोहून गेलेला. टॉर्क्विलच्या टायवर तोच विणलेला होता. लॉर्नच्या दंडावर तर हरणासकट गोंदलेला.

"पाठ केलंत वाटतं पुस्तक," टॉर्क्विल म्हणाला.

"पुस्तकाने आम्हाला पाठ केलं! माझ्या आजीने, पेगने, मला झोपवताना म्हटलेलं आहे हे. त्याच्याही आधी तिने ते पाद्रीबाबांना सांगितलं. ओल्या गवतावर बसून लिहून घ्यायचे बिचारे. एका पिढीला एक चिमूट तंबाखू. लॅकलनला मात्र अर्धा औंस पडला. हरिण मागाहून वाढवलं."

"वाढवलं?" लॉर्नने दंडावर हात ठेवला.

"खरा लॅकलन पाण्याला भ्यायचा हो, डॉक्टर. मेंढ्या चोरायचा. एकदा तर अंधारात स्वतःच्याच चोरल्या."

ऊना हसली नाही. तिने पुस्तकाचं पहिलं पान काढलं आणि पोस्टातली तार वाचावी तसं सावकाश वाचलं.

"'ही सर्व माहिती खोऱ्यातील एका विश्वसनीय रहिवाशाने कथन केली.'"

"रहिवासी!" एफी म्हणाली. "पंधरा दिवसांच्या वर कुणी एका जागी टिकू देत नव्हतं तिला."

"म्हणजे हे पुस्तकसुद्धा तोंडीच की, टॉर्क्विल," ऊना म्हणाली.

टॉर्क्विलने पुस्तक मिटलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"छापलं ते छापलं. सोडा ते आता. मंडळ एवढं करू शकतं: 'कुळाचे स्नेही' म्हणून हा हिरवा बिल्ला आहे. मागच्या वर्षी जपानच्या एका गृहस्थांना दिला. त्यांना बॅगपाइप आवडतो."

"आणि ह्यूचं नाव?"

"स्नेह्यांच्या नातलगांची नावं पुकारत नाहीत."

एफीने बिल्ला उचलला, उलटासुलटा पाहिला, आणि लॉर्नच्या कोटाला नीट टोचून दिला.

"तुम्ही लांबून आलात, डॉक्टर. ठेवा."

दोन वाजता टेकडीवर राशीभोवती दोरी बांधलेली होती. दोरीच्या आत किल्ट, टोप्या आणि सभासद. बाहेर उरलेलं गाव. टॉर्क्विलने यादी उलगडली. चार नावं पुकारली. चार वेळा "आहे" आलं, चार दगड चढले. यादीची घडी झाली. समारोपाचा बॅगपाइप वाजवायला पाइपवाल्याने पिशवीत हवा भरायला घेतली.

"ह्यू मॅकड्रेल!"

हाक दोरीबाहेरून आली होती. पाइपवाला थबकला, आणि त्याच्या बगलेतल्या पिशवीने अजीर्ण झालेल्या गाईसारखा सुस्कारा सोडला.

राशीपाशी एकदा हाक पडली, की उत्तर आल्याशिवाय पाइप वाजत नाही. आणि हाक देणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"ह्यू मॅकड्रेल, पेगचा नातू!"

ऊनाने मान वर केली, तोंड उघडलं. एफीने बोट उगारलं.

"तू थांब, ऊना. तू म्हणशील ते मला ठाऊक आहे. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

सगळ्यांच्या माना टॉर्क्विलकडे वळल्या.

"एफीबाई, तुम्ही कार्यक्रमात अडथळा आणताय."

"मी? पाइप वाजवायला मी कुणाला अडवलंय? हं, वाजव रे बाबा!"

पाइपवाल्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"बघ. तोही वाजवत नाही," एफी म्हणाली. "सावकाश होऊ दे, टॉर्क्विल. उघड्यावर थांबायला आमची माणसं जन्मतःच शिकतात." आणि ती झुडपांत ऐसपैस मांडी घालून बसली.

बारीक पाऊस सुरू झाला. पावसाबरोबर चिलटं आली. आमची चिलटं अशी, की दोन मिनिटं स्थिर उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन कमी होतं. दहा मिनिटं कुणी हललं नाही. मग ऊना वाकली, दोरीखालून बाहेर आली आणि एफीच्या शेजारी बसली.

"ऊना," लॉर्नने आतून दबक्या आवाजात विचारलं, "त्या पेगबाई माझ्याही पानावर आहेत का?"

"तुमचं अख्खं पान तिच्या तोंडातून आलंय, डॉक्टर."

लॉर्न किल्ट दोन्ही हातांनी धरून, लाजत, दोरी ओलांडून आला. त्याच्यामागून खाटीक आला. मग शाळेच्या बाई, मग नदीकाठचे दोघे भाऊ, मग कोण कोण. शेवटी दोरीच्या आत टॉर्क्विल उरला, पाइपवाला उरला, आणि कुणीही न बोलावलेली एक मेंढी.

टॉर्क्विलने टोपी काढली. टकलावरची चिलटं झटकली. यादी पुन्हा उलगडून गुडघ्यावर धरली आणि कोटाचे खिसे एकामागून एक चाचपले.

"पेन आहे का कुणाकडे?" कुणाकडेच न पाहता त्याने विचारलं.

ऊनाचा हात पिशवीकडे गेला. एफीने तिचं मनगट धरलं.

"लिहू नकोस, टॉर्क्विल," ती म्हणाली. "तोंडाने बोल."