टायरावरची बाता

तुर्सुनायच्या गाडीचे चारही टायर तिच्या सासऱ्याच्या टकलासारखे गुळगुळीत झाले होते, आणि ते तिनं मुद्दाम होऊ दिले होते. नोव्हेंबर लागला, घाटात पहिला बर्फ पडला, तशी बिश्केकच्या स्टँडवरची ड्रायव्हर मंडळी तिच्या मागेच लागली. एजे म्हणजे ताई, स्टँडवर सगळे तिला तसंच म्हणत. "एजे, बदला हो टायर. आम्हाला तुमच्या मयताची वर्गणी काढायला लावू नका."

"बदलते की," ती म्हणायची. "दुकान ठरलंय. फक्त सोबत मिळायची आहे."

ती सोबत शुक्रवारी सकाळी मिळाली. बेगायिम नाव तिचं. माहेरपण संपवून तलासकडच्या एका गावात, सासरी निघालेली तेवीस-चोवीस वर्षांची पोर, हातात आईनं दिलेली बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या फुगीर कणकेच्या तुकड्यांची, पिशवी. तुर्सुनाय दोन हिवाळे या पोरीची वाट बघत होती. तिला स्टँडवर बघताच तिनं भाडं इतकं पाडून सांगितलं की शेजारच्या ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला.

बेगायिम टायर विकणाऱ्या बोरोनबायची एकुलती एक मुलगी होती.

बोरोनबायला शहरात कोण ओळखत नाही? लेकीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्याला आके म्हणायचे, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. टायरबाजारात दुसऱ्या गल्लीच्या तोंडावर त्याचा लोखंडी कंटेनर, पांढरी दाढी, डोक्यावर कडक इस्त्रीचा काल्पाक. माल इतरांसारखाच, बहुतेक जपानहून वापरून आलेला. पण टायर विकला की हा म्हातारा दोन्ही तळवे वर करून गाडीला बाता द्यायचा. वाट पांढरी असो, वाटसरूंचा रखवाला खिदिर सोबतीला असो, गेलात तसे परत या. किरगीझ लोक आशीर्वादाला बाता म्हणतात. मराठीत बाता मारतात, इथे देतात. बोरोनबायला मात्र मराठी अर्थच जास्त शोभला असता. त्या बातेपायी लोक शेजारची दहा दुकानं ओलांडून त्याच्याकडे यायचे.

चार वर्षांपूर्वी तुर्सुनायचा धाकटा भाऊ एर्मेकही तसाच आला होता. त्याची गाडी पण फिटच होती, तिच्यासारखीच, शंभर किलोमीटरला जेमतेम पाच लिटर पिणारी. त्यानं टायर घेतले, बाता घेतली, बहिणीला फोन करून सांगितलं, "आकेंनी अगदी डोळे मिटून दिली गं." तिसऱ्या दिवशी घाटातला तो-अशू नावाचा बोगदा ओलांडून उतरताना पुढचा टायर फाटला. गाडीत त्याच्यासोबत गावातलीच दोन माणसं होती. तिघेही गेले. फाटलेला टायर कुणी पाहिला नाही. त्या दोघांतल्या एकानं लग्नघरासाठी घेतलेली वोडकाची बाटली मात्र फुटून सीटभर सांडली होती, तिचा वास सगळ्यांना आला. एर्मेकनं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण गावानं ठरवलं, प्यायलेला होता, दोन घरं बुडवून गेला. तेव्हापासून त्याच्या आईच्या घरी कुणी चहाला बसलं नाही. विहिरीवर ती आली की बायका बादल्या अर्ध्या भरूनच निघायच्या.

तुर्सुनाय भंगारात जाऊन तो टायर बघून आली होती. तिथल्या माणसानं बोट घालून दाखवलं, "हा झिजलेला टायर आहे ताई. तापलेल्या पात्यानं खाचा परत कोरल्यात. वरून नवा दिसतो, आत सुतापर्यंत आलेला असतो." ती तडक बोरोनबायकडे गेली. तो म्हणाला होता, "पोरी, भाऊ पितो त्याला मी काय करू? माझ्या टायरावर बाता असते." आणि तिच्यादेखत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. त्या दिवसापासून तिनं त्याला रोज रात्री झोपताना आणि सकाळी चूळ भरताना शिव्या घातल्या. एवढ्या नेमानं तिनं नमाजही पढला नसता.

बाजाराच्या फाटकाशी गाडी वळली तशी बेगायिम खूश झाली. "एजे, टायर घ्यायचेत? मग माझ्या आकेंकडेच चला ना. मी सांगते, कमी करतील."

"तू गाडीतच बस," तुर्सुनाय म्हणाली. "ओळखीनं घेतलं की भाव करायची मजा जाते. बाता घ्यायच्या वेळी बोलावते."

"बघा हं, आकेंना हरवणं सोपं नाही!"

"बघू या," तुर्सुनाय म्हणाली आणि गाडी समोशाच्या तंदूरमागे लावली.

बोरोनबायनं तिला ओळखलं नाही. तिला हे अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं जिच्या तोंडी याचं नाव होतं, तिचा चेहराही याच्या लक्षात नव्हता.

"ये पोरी, ये. कुठली गाडी?"

"फिट. चौदा इंची."

"वा! फिट म्हणजे बकरी. खाते चिमूटभर, चालते दिवसभर." त्यानं रुंद टायरांची थप्पी थोपटली. "हे घे. रस्त्याला धरून राहतात."

"रुंद टायर लावून बकरीचा हत्ती करू? वरचं पेट्रोल तुम्ही भरणार का आके?"

शेजारचा दुकानदार साबिर खो-खो हसला. "आके, आज जपून! ही हिशेबाची आहे."

मग निवड सुरू झाली. तुर्सुनायनं घाई केली नाही. नवे कोरे जपानी, त्यांची किंमत ऐकून तिनं नुसते हात जोडले. उन्हाळी टायर स्वस्त होते, पण घाटात ते दगड होतात. खिळ्यांचे टायर बर्फात बरे, पण शहरात खडखडतात आणि पेट्रोलही खातात. एका जोडीवर बनल्याचे आकडे होते, आठवडा आणि साल. ते वाचून ती म्हणाली, "आके, हा टायर शाळेत जात असता तर पाचवी पास झाला असता." बोरोनबायही हसला. गिऱ्हाईक जाणतं आहे आणि खिसा हलका आहे, एवढं त्यानं ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच तो आत गेला.

आतून त्यानं चार अरुंद, हिवाळी चिकट टायर काढले, खिळ्यांशिवाय बर्फाला चिकटून चालणारे. काळे कुळकुळीत, खोल खाचांचे. "हे कुणाला दाखवत नाही. जपानमध्ये कुठल्या तरी म्हातारीनं बाजाराला जायला वापरलेले. चारांचे सहा हजार सोम दे."

ती गुडघ्यावर बसली. खाचेत अंगठ्याचं नख घातलं. चिकट टायरावर केसासारख्या बारीक चिरा असतात, इथे त्या नव्हत्या. टायर किती झिजला ते कळावं म्हणून खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचा छोटा उंचवटा असतो, तोही नव्हता. पात्यानं कापून गेला होता. चार वर्षांत या माणसानं हात सुद्धा बदलला नव्हता, तीच तिरकी ओढ. तिला त्याच्या दाढीला धरून खाचेवर तोंड घासावंसं वाटलं. तिनं नख पदराला पुसावं तसं शालीला पुसलं.

"आके, घाट उतरायचाय. चांगले आहेत ना? तुम्ही म्हणाल तसं."

"पोरी, या दाढीची शपथ."

"ऐकलंत साबिरभाऊ? दाढीची शपथ." तिनं पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. "द्या मग बाता. थांबा, प्रवाशालाही बोलावते. जीव तर तिचाही आहे."

बोरोनबायनं काल्पाक सारखा केला. समोसेवाली तंदूर सोडून आली, दोन-चार हमाल थांबले. बाता चालू असली की लोक थांबतातच, फुकटचं पुण्य कोण सोडतो? त्यानं डोळे मिटले, तळवे वर उचलले.

"आके!" बेगायिम हसत म्हणाली. "मीच आहे प्रवासी!"

तिनं बापासमोर उभं राहून दोन्ही तळवे पसरले.

बोरोनबायनं डोळे उघडले. छातीपर्यंत आलेले हात तिथेच थांबले. आधी मुलीकडे, मग टायरांकडे, मग तुर्सुनायकडे त्याची नजर गेली. हात खाली आले.

"काय झालं आके? द्या ना. उशीर होतोय."

"हे टायर नकोत," तो म्हणाला. "साबिर, तुझे नवे काढ. मी देतो पैसे."

"का?" तुर्सुनाय म्हणाली. "म्हातारीनं बाजाराला वापरलेले आहेत ना हे?"

"मुलगी आहे माझी. तिच्यासाठी जरा..."

"आणि मी कुणाची आहे? एर्मेक कुणाचा होता?"

नाव ऐकल्यावर म्हाताऱ्याला ती आठवली. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तुर्सुनायला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"कुठला एर्मेक?" बेगायिमचे तळवे अजून पसरलेलेच होते. "आमच्या गावचा? तो दारुडा?"

"सांगा तिला," तुर्सुनाय म्हणाली. "तिच्या सासरच्या गावात माझी आई राहते, दारुड्याची आई. तिच्या दारावरून तुमची लेक रोज पाण्याला जाते. सांगा, नाहीतर हात वर करा आणि पाठवा तिला याच टायरांवर. दोन्हींतलं एक करा."

तंदुरातले समोसे करपल्याचा वास आला तरी समोसेवाली हलली नाही.

"आके," बेगायिम हळूच म्हणाली, "टायर कसे आहेत?"

"कापलेले आहेत," तो म्हणाला.

"आणि त्याचे?"

"त्याचेही."

साबिर पुढे आला. "आके, म्हणजे गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला दिलेत ते?" त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. फोन कानाला लावून तो गल्लीच्या टोकाला पळाला. एका हमालानं खाली थुंकून काल्पाककडे पाहिलं.

सगळ्यांना वाटलं, आता ही बाई हात उलटे करणार, तळवे खाली, पालथे हात वर. उलटी बाता वंशाला लागते म्हणतात. बोरोनबाय चटकन मुलीच्या पुढे उभा राहिला. "पोरी, द्यायची तर मला दे. हिला नको."

"घाबरू नका," तुर्सुनाय म्हणाली. "तुमच्यासारखी हातांची कामं मला येत नाहीत."

तिनं त्याच्या मुठीतून आपले पैसे परत घेतले. त्यात थोडी भर घालून साबिरकडचे साधे चिनी टायर घेतले, नवे, अरुंद, हिवाळी. फिटला पुरे होते. पोरांनी ते चढवले. बेगायिम बोरसोकांची पिशवी छातीशी धरून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी सुरू झाली तसा म्हातारा काचेपाशी आला. आता टायर चांगले होते. आता त्याला बाता देता येत होती. त्यानं दोन्ही तळवे वर केले आणि ओठ हलवायला लागला. बेगायिमचे हात सवयीनं मांडीवरून उचलले गेले. मग तिनं ते बाह्यांत ओढून घेतले आणि समोर बघत राहिली. तुर्सुनायनं हात स्टिअरिंगवरच ठेवले. गल्लीत कुणीच तळवे पसरले नाहीत. शेवटी कुणी चेहऱ्यावरून हात फिरवून आमीन म्हणावं लागतं, त्याशिवाय बाता पुरी होत नाही. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तसाच हात वर करून उभा होता.

घाटाआधीच्या कारा-बाल्टा गावापर्यंत बेगायिम रडत होती. तुर्सुनायनं चार वर्षं हा दिवस मनात रंगवला होता. त्यात शेजारी रडणारं कुणी नव्हतं. पण तिला पश्चात्ताप झाला असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

घाटाच्या पायथ्याशी बेगायिमनं डोळे पुसले. "गावात कोण सांगणार, एजे? तुम्ही की मी?"

"तू," तुर्सुनाय म्हणाली. "मी बहीण आहे, माझं चार वर्षांत कुणी ऐकलं नाही. तू त्याची मुलगी आहेस. तुझं ऐकतील."