पंधरा यार्डांची बोंब

ओरिन स्ट्रॅटन पोरगा वाईट नव्हता, एवढं एल्बर्ट टीगार्डनसुद्धा कबूल करायचे. पण डोकं म्हणाल तर कुंपणाच्या खांबासारखं, आणि संघानं नेमकं त्यालाच कॅप्टन निवडलेलं. टीगार्डन सकाळी आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि दुपारी फुटबॉल, तो अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. रसायनं निदान सांगितल्यासारखी वागायची.

१९०९ च्या त्या हंगामात सहा सामने झाले, सहाही हरले, आणि एकदाही चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला नाही, म्हणजे टचडाउन एकही नाही. का, तर ओरिन. चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि मधोमध घुसायचं. तिथं अख्खी भिंत उभी असली तरी मधोमधच. चेंडू हातानं पुढं फेकायला नियमानं परवानगी मिळून तीन वर्षं झाली होती. टीगार्डननी निल्स नावाच्या लांब हातांच्या स्वीडिश पोराला रोज तासभर झेल घ्यायला शिकवलं. तो दहातले नऊ झेलायचा. ओरिन सगळं बघून मान डोलवायचा, आणि शनिवारी ये रे माझ्या मागल्या.

"अरे, निल्सकडे फेक ना एकदा."

"सर, फेकलेला चेंडू कुणाचाच नसतो. हातातला आपला असतो."

"मग हातातला घेऊन सहा सामन्यांत पोचलास कुठं?"

"पोचणारच होतो सर. लोक मधे येतात."

खेळ चालू असताना तर बोलायचीही सोय नव्हती. बाहेरून कोचनं ब्र काढला, तर संघ पंधरा यार्ड मागे. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नोव्हेंबरात प्राचार्यांनी बोलावलं. "टीगार्डन, एका पोराचं खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्याचे दात गेले, आणि हाती काय? भोपळा. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सामन्यात एक तरी टचडाउन दाखवा. नाहीतर विश्वस्त त्या मैदानात मका पेरायचं म्हणतायत."

टीगार्डन घरी आले ते न जेवता झोपले. दुपारच्या त्या दोन तासांच्या जोरावरच ते बाकीचा दिवस ढकलायचे. ते गेले, तर उरल्या नुसत्या परीक्षानळ्या.

थँक्सगिव्हिंगला नदीपलीकडचं कॉलेज आलं आणि बारा गुण करून बसलं. इकडं शून्य. शेवटचं अर्धं मिनिट, रेषा वीस यार्डांवर, एवढीच एक खेळी शिल्लक. निल्स कडेला एकटाच मोकळा उभा. आणि ओरिन? ओरिननं मान खाली घातली.

टीगार्डनचा तोल सुटला.

"ओरिन! निल्सकडे फेक! गाढवा, एकदा तरी फेक!"

खेळी सुरू व्हायच्या आतच पंचांनी शिट्टी फुंकली. पंधरा यार्ड मागे. रेषा आता पस्तीस यार्डांवर, आणि कोचची योजना साऱ्या गावाला पाठ. पलीकडचे पाच जण धावत जाऊन निल्सभोवती उभे राहिले, उरलेलेही तिकडेच सरकले. टीगार्डननी हॅट तोंडावर ओढली. आपल्याच हातानं माती केली, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही, हे त्यांना चांगलंच कळत होतं.

ओरिन मधोमध गेला.

आणि मधोमध कुणी नव्हतं. अख्ख्या हंगामात पहिल्यांदाच. मान खालीच असल्यामुळं त्याला ते कळलंही नाही. तो पळत सुटला तो रेषा ओलांडून पार पलीकडच्या कुंपणावर आदळला तेव्हाच थांबला. टचडाउन. त्याचे तेव्हा पाचच गुण मिळायचे, त्यामुळं सामना बारा-पाच असा हरला, पण प्राचार्य हॅट उडवत होते.

सामना संपल्यावर चिखलानं माखलेला ओरिन समोर येऊन उभा राहिला.

"सर, तुमच्यापायी पंधरा यार्ड जास्त पळावं लागलं."

"हो रे बाबा."

"मी मनात ठेवलेलं नाही. पण पुढच्या वर्षी जरा तोंड आवरा."

त्या पाच जणांची गोष्ट टीगार्डनच्या अगदी ओठांवर आली होती. मग 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांच्या कानात शिरले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आवरतो," ते म्हणाले. "पण निल्सला तसंच कडेला उभं करत जाऊ."

"करा की," ओरिन म्हणाला. "त्याचा काही त्रास नाही."