दोन पावले डावीकडे

मी एक जुनी लोखंडी चौकट आहे. वीतभर रुंद, हातभर लांब. माझ्यात काच नाही, तसबीर नाही, आत नुसती पोकळी आहे. मला जमिनीवर ठेवायचे आणि माझ्या आत काय उगवले आहे ते मोजायचे, एवढेच माझे काम. मित्रांनो, माझी गोष्ट छाती फुगवून सांगावी अशी नाही. तरी सांगते, कारण ती माझ्यापेक्षा सुलेखाची जास्त आहे, आणि तिने ती चारचौघांत आधीच सांगून टाकली आहे.

सुलेखा अकोल्याहून शेतीचे शिक्षण घेऊन अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात आली होती. कुरणांचे शास्त्र हा तिचा विषय. एकोणीसशे एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, तिने विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये चार सळ्या कापून मला जोडले. माझा एक कोपरा जरा वाकडा राहिला. मला लाल-पांढरे पट्टे रंगवून तिने आपल्या नवऱ्याला दाखवले. विनय डॉक्टर होता. तो म्हणाला, "एवढ्यासाठी पीएचडी लागते?" ती हसली. त्या दिवसांत ती फार हसायची.

पुढच्याच वर्षी विनयला पश्चिमेकडच्या नेवाडा राज्यात एका लहान गावच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सुलेखालाही तिथे काम मिळाले. प्रयोगशाळेत जे कळले आहे ते सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना समजावून सांगायचे आणि त्यांच्याबरोबर माळावर उतरून करून दाखवायचे.

त्या माळावर क्षितिजापर्यंत सेजब्रशची झुडपे होती, कमरेएवढी उंच, राखाडी-हिरवी. पान चुरगळले की कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा वास यायचा. सेज ग्राउज नावाचा कोंबड्याहून मोठा पक्षी सगळा हिवाळा याच पानांवर काढतो. वसंतात त्याचे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात आणि पहाटे पिसारा उभारून नाचतात. झुडूप गेले की पक्षीही गेला.

पण झुडपे जाळली की गवत वाढते, चारा मिळतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. ती अर्धी खरी होती. झुडपांखाली जुन्या गवताचे खोल मुळांचे बुंधे शिल्लक असतील तर ते जाळानंतर पुन्हा फुटतात. नसतील तर चीटग्रास नावाचे परक्या मुलखातून आलेले गवत मोकळ्या जमिनीत घुसते. ते जूनमध्येच वाळते आणि ठिणगी पडली की भडकते. म्हणून सुलेखा सांगायची, आधी मोजा, मग पेटवा. लांब दोर ताणायचा, दर अडीच मीटरला मला ठेवायचे. दोनशे जागांपैकी निदान ऐंशी जागी माझ्या आत जुन्या गवताचा बुंधा सापडला, तरच जाळायचे, असा नियम तिने त्या खोऱ्यापुरता बसवला होता. दोर नेईल तिथेच मला ठेवायचे, यात तडजोड नाही. मला याचा फार अभिमान होता.

तीन वर्षे तिचे कोणी ऐकले नाही. पशुपालक हसायचे, अधिकारी चहा-कॉफी पाजून वाटेला लावायचे. ऐकणारा पहिला अधिकारी म्हणजे लॉयड. उंच, पन्नाशीचा, हॅट काढून बोलणारा. त्याने तिला आपल्या कचेरीत टेबल दिले, नकाशे दिले. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बिटर क्रीकचे खोरे जाळायचे ठरत होते. गावच्या सभेत मायते नावाची सत्तरीची बाई उभी राहिली, स्पेनच्या डोंगराळ बास्क मुलखातून आलेल्या मेंढपाळांपैकी एक. तिच्या मेंढ्या पलीकडच्या उतारावर हिवाळा काढायच्या.

"त्या झुडपांखाली गवत उरलेलं नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं बघते आहे मी."

लॉयड तिला म्हणाला, "म्हणूनच तर मोजणार आहोत, मायते. ही सुलेखा मोजेल. ती सांगेल ते मला मान्य."

मोजणी तीन दिवस चालली. शेवटच्या दुपारी दोन दोर उरले होते, म्हणजे चाळीस जागा. तोवर बासष्ट जागी बुंधे सापडले होते. आणखी अठरा हवे होते. दोर मात्र चीटग्रासमधून जात होता. एका मागोमाग एक मला ठेवले, आत नुसते वाळके परके गवत.

लॉयड दोर धरून मागे चालत होता. तो थांबला. "दोन पावलं डावीकडे ठेव ना. तिथे आहे बुंधा."

"दोर इकडून जातो," सुलेखा म्हणाली.

"दोर काय, वाऱ्यानेही सरकतो." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, वरून पेटवायचं जवळजवळ ठरलेलंच आहे. आकडा आला नाही तर ते आकड्याशिवाय पेटवतील, आणि पुन्हा तुला कोणी बोलावणार नाही. मलाही विचारणार नाहीत. आज एवढं झालं तर पुढच्या दहा खोऱ्यांत तुझं शास्त्र चालेल."

सुलेखा किती तरी वेळ मला हातात धरून उभी राहिली. मग तिने दोन पावले डावीकडे टाकली आणि मला खाली ठेवले. माझ्या आत हिरवा बुंधा होता. तिने कागदावर खूण केली, पण माझ्याकडे पाहिले नाही.

असे अकरा वेळा झाले. बेरीज आली एक्याऐंशी.

त्या संध्याकाळी विनयने विचारले, "झालं काम?"

"झालं."

"मग जेवत का नाहीस?"

"ऊन लागलं असेल," ती म्हणाली, आणि ताट सारून उठली.

पुढच्या सभेत तिने एक्याऐंशीचा आकडा वाचला. मायते पुन्हा उभी राहिली, तिच्याकडे एकटक बघत म्हणाली, "तू स्वतः मोजलंस?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणून ती खाली बसली. मित्रांनो, मी तेव्हा टेबलावरच होते. मला वाचा असती तरी मी बोलले असते का, कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये खोरे जाळले. वरिष्ठांनी लॉयडची पाठ थोपटली. 'बिटर क्रीकची पद्धत' म्हणून एक पुस्तिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर सुलेखा मला हातात धरून उभी होती. मला कचेरीच्या भिंतीवर टांगले. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून कौतुक करायचे. सुलेखा माझ्या खालून जाताना मान वर करत नसे.

वसंतात खोरे हिरवेगार झाले. सगळ्यांना आनंद झाला. ते चीटग्रास होते. जूनमध्ये ते वाळले. जुलैत पावसाशिवायच वीज पडली आणि दोन तासांत आग खोरे ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. मायतेचे हिवाळी कुरण गेले. तिला मेंढ्या दुसऱ्यांच्या रानात पाठवाव्या लागल्या. सेज ग्राउज जिथे नाचायचे ती जागा आणि तिच्याभोवतीची जुनी झुडपे, सगळे काळे झाले.

दुसऱ्या दिवशी सुलेखाने मला भिंतीवरून उतरवले आणि घरी नेऊन गॅरेजमध्ये, जुन्या टायरांच्या मागे ठेवले. तिथे मी काही महिने पडून होते. माझ्या वाकड्या कोपऱ्याला गंज चढला.

हिवाळ्यात एके दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून तिला पत्र आले. त्यांनी पुस्तिका वाचली होती, आणि आगीचा दोष ते विजेलाच देत होते. बिटर क्रीकला एक्याऐंशी चालले, तेव्हा आमच्याकडेही तसेच जाळावे म्हणतो, खोरे त्याच्या तिप्पट मोठे आहे, असे त्यात होते. सुलेखा पत्र घेऊन गॅरेजमध्ये आली आणि टायरवर बसून राहिली. विनय तिला शोधत आला.

"तू अजून त्या आगीचं घेऊन बसलीयस? वीज काय तू पाडलीस? उगाच गिल्टी फील करू नकोस."

"मी फ्रेम सरकवली होती, विनय. अकरा वेळा. खरा आकडा सत्तर होता."

तो म्हणाला, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"लॉयडला आणि मला."

"पेशंटचा रिपोर्ट कुणी असा बदलला असता, तर मी त्याला हॉस्पिटलात पाय ठेवू दिला नसता." शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. "तसं नव्हतं म्हणायचं मला, सुलेखा."

"तसंच आहे ते," ती म्हणाली. "मायतेबाईंनी मला तोंडावर विचारलं होतं. मी हो म्हणाले."

"सांगितलंस तर नोकरी जाईल. गाव लहान आहे, मलाही लोक विचारतील." तो तिच्या शेजारच्या टायरवर बसला. "विचारू देत. मी येतो तुझ्याबरोबर."

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये सभा होती. दोन्ही जिल्ह्यांचे लोक आले होते. सुलेखाने मला टेबलावर ठेवले, शेजारी माळावर भरलेले मूळ कागद ठेवले. कुठल्या दोरावर, कितव्या जागी, किती पावले, हे सगळे तिने वाचून दाखवले. सरकवायला कोणी सांगितले ते मात्र तिने सांगितले नाही. "ठेवणारे हात माझे होते," एवढेच म्हणाली. लॉयड मागच्या रांगेत हॅटची कड बोटांनी फिरवत बसला होता. सगळ्यांना वाटले तो उठेल. तो उठला नाही. सभा संपायच्या आधी निघून गेला आणि उन्हाळ्यापूर्वी त्याने बदली घेतली.

लोक पांगल्यावर मायते टेबलाशी आली. सुलेखा म्हणाली, "मायतेबाई, माफी मागायलाही मला तोंड नाही."

"मागू नकोस. मी देणार नाही," मायते म्हणाली. "चाळीस वर्षं माझे डोळे जे सांगत होते ते मी तुझ्या एका आकड्यासाठी खोटं मानलं. मला त्याचीच लाज वाटते." दाराशी गेल्यावर ती वळली. "एप्रिलात पक्षी मोजायला कोणी तरी लागेल. मला आता लांबचं दिसत नाही."

सुलेखाची नोकरी गेली. पुस्तिका मागे घेतली गेली. शेजारच्या जिल्ह्याने जाळणे थांबवून नीट मोजले. त्यांचा आकडा पन्नासही भरला नाही. ती झुडपे अजून उभी आहेत.

त्यानंतर दर एप्रिलात सुलेखा मायतेच्या पिकअपमध्ये बसून जळालेल्या जागी जाते. उन्हाळ्यात गवत मोजायला मला घेऊन जाते. अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात मात्र मीही मागच्या सीटवर होते. उजाडत होते. वारा नव्हता. दोघी काच खाली करून तासभर बसल्या. पूर्वी त्या जागी साठ-सत्तर नर नाचायचे, असे मायते सांगायची.

"किती?" मायतेने विचारले.

सुलेखाने दुर्बीण खाली ठेवली. दूर टेकाडावर एक ठिपका होता. तो पक्षी असेल, दगडही असेल. तिने पुन्हा एकदा पाहिले.

"लांबवर काही तरी आहे," ती म्हणाली. "पण मला ओळखू येत नाही."

"मग काय लिहितेस?"

"शून्य," सुलेखा म्हणाली, आणि तिने तसे लिहिले.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी फूटपट्टी येईल, तराजू येईल, नाही तर माझ्यासारखी एखादी चौकट येईल. ती पुसून कोरडी ठेवा, गंजू देऊ नका, एवढे तर कोणीही सांगेल. माझे मागणे थोडे जास्त आहे. आम्हांला बोलता येत नाही, हात नेईल तिथे आम्ही जातो, आणि लोक हाताला विसरून आमच्यावर विश्वास ठेवतात. तो हात तुमचा असेल तेव्हा आम्हांला लाज वाटेल अशा जागी ठेवू नका.