खुब्यावरचा खंडोबा

"अंगावर धातू म्हणून काही ठेवायचा नाही. पिन नाही, आकडा नाही, सुईसुद्धा नाही."

एक्स-रेच्या बिभूतीबाबूंनी आदल्या दिवशी हिंदीत बजावलेलं हे शकुनच्या कानात घुमत होतं, आणि तिनं ते जिवापाड पाळलं होतं. सासूबाईंच्या अंबाड्यातले आकडे काढले, बोटातली तांब्याची अंगठी काढली, शंका नको म्हणून झंपरची हुकंही उसवली. खंडोबाचा टाक तेवढा राहू दिला. तो चांदीच्या पत्र्याचा होता हे खरं. पण रोज ज्याला आंघोळ घालायची, नैवेद्य दाखवायचा, त्याला धातू कोण म्हणेल?

तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई, श्यामलाबाई, बंगालात गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरात, न्हाणीघरात घसरल्या. सर्जननं खुब्यातला मोडका गोळा काढून पोलादाचा बसवला. शुद्धीवर येताच त्यांनी देव्हाऱ्यातला टाक मागवला आणि शकुनकडून मांजरपाटाच्या पिशवीत शिवून खुब्यावर बांधून घेतला. पहिलं पाऊल टाकेपर्यंत देव अंगावरून हलवायचा नाही, असा नेमच केला.

आता गोळा जागेवर बसलाय की नाही, हे फोटोत कळायचं होतं. बसला असेल तर उभं राहायचं. नसेल तर पुन्हा चिरफाड. आणि पहिल्याच भुलीत त्यांच्या हृदयानं सगळ्यांची भंबेरी उडवली होती.

सर्जननं ओली फिल्म उजेडापुढे धरली आणि त्याचा चेहरा फिल्मवरच्या हाडांहून पांढरा पडला. गोळ्याच्या ऐन तोंडावर कमानदार पांढरी पट्टी होती. आपल्याच हातून आत काहीतरी राहिलं, असं त्या भल्या माणसाला वाटलं. नर्सला हत्यारं मोजायला पिटाळून त्यानं शकुनच्या नवऱ्याला, श्रीकांतला, बाजूला घेतलं. उद्या सकाळी पुन्हा उघडावं लागेल म्हणाला. श्रीकांत सिग्नल खात्यातला अधिकारी. साहेबापुढे मान हलवायची सवय, त्यानं हलवली.

शकुननं फिल्मकडे पाहिलं. कमानीत घोड्याचे पाय पुसट दिसत होते. अख्ख्या इस्पितळाला घाम फोडून देव आपले निवांत घोड्यावर बसले होते.

"डॉक्टरसाहेब," ती हळूच म्हणाली, "ते आमचं कुलदैवत आहे."

"आत?" सर्जननं विचारलं.

"नाही. पिशवीत."

सर्जननं फिल्म पुन्हा उजेडापुढे धरली. नर्स मात्र हत्यारं मोजतच राहिली. तिला थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

फोटो पुन्हा काढायचा ठरला, पण श्यामलाबाईंनी पिशवी घट्ट धरली. "गोळा बसवला डॉक्टरनं. धरून ठेवलाय कुणी?"

"देवानंच, आई. पण देवच दारात उभा राहिला तर आतलं दिसायचं कसं? जरा बाजूला होऊ दे की त्याला."

"आणि माझा नेम मोडला म्हणजे?"

"मोडल्याचा दोष मी माझ्यावर घेते. येत्या रविवारी खंडोबाच्या नावानं पाच घरी भिक्षा मागीन."

"इथं? या साहेबलोकांच्यात?"

"इथंच."

श्यामलाबाईंनी सुनेकडे टक लावून पाहिलं आणि गाठ सोडली. फोटो निघेतो शकुन देवाला ओंजळीत घेऊन व्हरांड्यात उभी राहिली. खाली कुठं ठेवायचं तर सगळीकडे फिनेल. नव्या फिल्मवर वाटीत लाडू बसावा तसा गोळा खोबणीत बसला होता. सर्जननं उद्या उभं करू म्हणून सांगितलं, आणि हत्यारांच्या मोजणीचं बाहेर बोलू नका, अशी श्रीकांतला गळ घातली.

घरी आल्यावर श्रीकांतनं फर्मावलं, भिक्षाबिक्षा काही नाही, जेजुरीच्या गुरवाला अभिषेकासाठी पत्र टाकलं की झालं. खालच्या मजल्यावर त्याचे चॅटर्जीसाहेब राहत होते, ही त्याची खरी अडचण. शकुननं वाद घातला नाही.

रविवारी तो दाढीला बसला, तेव्हा तिनं कपाळाला भंडारा लावला आणि पितळी ताटली उचलली. पायांत चपला घातल्या नाहीत. भिक्षेला बंगालीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. बाजारातलं बंगाली भाव करण्यापुरतंच. तिनं डोक्यावरून पदर घेतला, आवाज न करता दार लोटलं आणि चॅटर्जीसाहेबांच्या मजल्याकडे जिना उतरू लागली.