झुंबरबाईच्या नावाचं संडास

बायको गेली की माणसं तिच्या नावानं बाकडं बसवतात, देवळाला पायऱ्या करतात, शाळेला पंखे देतात. हौसरावांनी काय द्यावं? संडास! घोडनदीच्या काठच्या बागेतलं बायकांचं संडास पार मोडून पडलं होतं. ते नवं करून द्यायचं आणि वर झुंबरबाईचं नाव घालायचं, असं म्हाताऱ्यानं वर्षश्राद्धाच्या पंगतीतच जाहीर केलं. लोकांचे घास हातातच राहिले.

"आप्पा, आईचं नाव संडासावर?" थोरला रविराज तापला. त्याला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू दे. तुझी आय कशानं गेली, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक तर साऱ्या घराला होतं. बागेच्या भिंतीला लागून भाजीबाजार भरतो. झुंबरबाईनं उभी हयात तिथं बसून मेथी-कोथिंबीर विकली. सकाळी घर सोडलं की दिवेलागणीपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. किडन्या निकामी झाल्या तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पाणी का पीत नव्हता?" तर ही त्या अवस्थेतही हसली. "पाणी प्यालं की जावं लागतं, बाई. आन् जायचं कुठं?" हौसराव खाटेशीच उभे होते. एवढा संसार केला, पण ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्या बाईवर ही पाळी येऊ नये, एवढंच आता त्यांना हवं होतं.

मग म्हातारा हात धुऊन कामामागं लागला. परवानगी काढली, खंडू गवंड्याला गाठलं. फुटकी भांडी निघाली, फरशी उखडली, तुंबलेला चेंबर उपसला, वर पाण्याची टाकी चढली. हौसराव रोज समोर बसून. "कडी नीट लाव रं," खंडूला बजावायचे, "आत बाईमाणूस असणार." पाटीच्या बाबतीत मात्र त्यांनी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. काळा ग्रॅनाइट, त्यावर मशीननं कोरलेला झुंबरबाईचा नथीतला फोटो, खाली नाव, गाव, गेल्याची तारीख. तीही दाराला लागून, अगदी डोळ्यांसमोर.

"केमिकलनं चिकटवलीय, आप्पा," खंडू म्हणाला. "फुटंल, पर निघायची न्हाई."

उद्घाटनाला बरीच माणसं आली. लाजेनं मेलेला रविराज गर्दी बघून जिवंत झाला आणि आईच्या फोटोला हार घालून भाषण ठोकून मोकळा झाला. असली आपली माणसं!

पुढच्या बाजारी हौसराव बागेत गेले. फोटोला ताजी झेंडूची माळ होती, कपाळी कुंकू होतं, खाली उदबत्त्या जळत होत्या. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. आत कुणी आहे का म्हणून त्यांनी हाळी दिली, उत्तर आलं नाही, म्हणून डोकावले. फरशी कोरडी ठणठणीत. नळाला गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता.

तेवढ्यात नदीकडच्या वेड्या बाभळींतून बानूबाई वर आली, लुगड्याचे काटे काढत. झुंबरबाईच्या शेजारी पाल टाकून भाजी विकणारी ती. हौसरावांना बघून ओशाळली.

"बानूबाई, अगं हे हितं बांधलंय ते कुणासाठी?"

"दाजी, राग मानू नका. अक्का बघती की वो दारात. तिच्या म्होरनं कसं जायाचं? एकजण बी जाईना. समद्या पाया पडत्यात आन् माघारी फिरत्यात."

"अगं, ती बी बाईच व्हती!"

"व्हती तवा व्हती. आता फोटोत गेली."

"फडकं टाकतो त्याच्यावर."

"फडक्यामागचा देव काय देव नसतो व्हय?"

हौसराव तिच्या मागोमाग भिंतीपलीकडं बाजारात गेले. बानूबाईच्या पालात पाण्याची बाटली होती, काठोकाठ भरलेली.

"पाणी पीत न्हाईस?"

बानूबाईनं बाटली मेथीच्या जुड्यांमागं सारली.

म्हातारा वाकला. तिच्या तराजूतलं लोखंडी वजन उचललं आणि तडक दाराशी गेला. माळ काढून खांद्यावर टाकली. पहिला घाव नावावर बसला. बानूबाईसकट मागं धावत आलेल्या बाया ओरडल्या, "आगं बया, खूळ लागलं का काय म्हाताऱ्याला!" कुणीतरी रविराजला फोन लावला. नाव गेलं, गाव गेलं, तारीख गेली, पण चेहऱ्यावर हात उचलेना. तिच्या हयातीत त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. शेवटी डोळे मिटले आणि घातला घाव.

खाली बसून त्यांनी एकेक तुकडा उपरण्यात गोळा केला, नथीचासुद्धा. गाठ मारली. मग डोळे पुसायचंही भान न ठेवता बानूबाईकडं बघितलं आणि दारातून बाजूला सरकले.

"जा, बाई," ते म्हणाले. "आता हितं कुणी न्हाई."