साडेसात फूट माया

एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी प्रवाशांनी भरलेली एक बस टेलरमास्तरांच्या फाटकापुढे थांबली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि अख्खी बस मास्तरांची बाग बघायला आत गेली. मास्तर जिंकले.

हे चुकून आधी सांगून झालं. असं काही अजून घडलेलं नाही. बस नाही, ड्रायव्हर नाही, मास्तर तर मुळीच जिंकलेले नाहीत. त्यांच्याकडे सध्या स्वयंपाकघराच्या दारापासून फाटकापर्यंत चोवीस फूट लांबीचं एक अंगण आहे, आणि त्या अंगणावर बायकोचा डोळा आहे.

बायकोला तिथं फरशी हवी होती. करडी, न घसरणारी, आणि वर कपडे वाळत घालायला चार दोऱ्या. मास्तरांना बाग हवी होती. तीही नर्सरीतून आणलेली नव्हे, फिरून आणलेली.

आता हे फिरून आणणं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. काकूंना गाडी लागते. (सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, तेव्हा आपणही म्हणू.) बस लागते, मोटार लागते, बोट तर कॅलेंडरवर पाहिली तरी लागते. एकदा लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि उतरल्या उतरल्या भिंत धरून म्हणाल्या, ‘मला आपलं गाव दिसेनासं झालं होतं.’ लग्नानंतर जोडीनं पहिल्यांदा स्टँडवर गेले, तेव्हा कुणीतरी ओरडलं, ‘चला, गाडी लागली!’ काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘मला तर लागलीसुद्धा.’ गाडीचं तेव्हा नुसतं इंजिन सुरू होतं, चाक हललेलंही नव्हतं. त्यानंतर त्यांचा सगळा प्रवास पायी: बाजार, दवाखाना, बहिणीचं घर. बहिणीनं घर बदलताना तेवढा विचार केला होता.

मास्तरांच्या पायाला मात्र भिंगरी. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप, की निघाले टूरवाल्यांबरोबर. परत आले की काकू विचारायच्या, ‘कसं होतं हो?’

‘मोठं होतं,’ मास्तर म्हणायचे.

‘आणि?’

मास्तर बराच वेळ विचार करायचे. ‘हिरवं होतं.’

शब्द हे त्यांचं काम नव्हतं. माप हे त्यांचं काम होतं. एवढं डोळ्यांत मावेनासं बघून यायचं आणि बायकोला दोन शब्दांत गुंडाळायचं, याची त्यांना मनातून लाज वाटे. म्हणून त्यांनी एक वर्षी ठरवलं: सांगता येत नाही तर माप घेऊन यायचं. गळ्यात टेप होतीच. ती ते टूरवरही काढत नसत. टूरवाले त्यांना डॉक्टर समजत.

एका राजवाड्याच्या बागेत ते तळ्याभोवती गुडघ्यांवर रांगताना रखवालदाराने त्यांना पकडलं.

‘ओ काका! काय चाललंय?’

‘घेर घेतोय.’

‘कुणाचा?’

‘तळ्याचा. डावीकडं पोट सुटलंय, बघा.’

रखवालदाराने वाकून पाहिलं. तळ्याला खरोखरच डावीकडे पोट सुटलं होतं. तो तिथं अकरा वर्षं नोकरीला होता आणि तळ्याची तब्येत त्याच्या कधी लक्षात आली नव्हती. तो थोडा ओशाळला. ‘पलीकडून टेप धरू का?’ म्हणाला.

अशी पाच वर्षांत पाच मापं जमली. एका डोंगरावरच्या हॉटेलमागची दगडी वाट. राजवाड्याचं तळं. एका रेल्वे स्टेशनबाहेरची बांबूची कमान. कुठल्याशा वाचनालयाच्या पायऱ्या, ज्यांच्या प्रत्येक टप्प्यावर फुलं होती. आणि एका बंदरावरचं अर्धगोल बाक, ज्यावर बसून मास्तरांनी पाऊण तास समुद्र पाहिला होता आणि घरी येऊन ‘ओला होता’ एवढंच सांगितलं होतं. मापं गिऱ्हाइकांच्याच वहीत लिहिलेली होती, कारण दुसरी वही नव्हती. ‘तळं: कंबर एकशे चाळीस, घेर सैल. कमान: खांदा उतरता, बाही पूर्ण. पायऱ्या: चुणीदार. बाक: कॉलरसारखं, पण कडक नको.’

वही पुढ्यात ठेवून मास्तरांनी विषय काढला. काकू शेंगा सोलत होत्या.

‘म्हणजे मला नेता येत नाही, म्हणून ते सगळं इथं आणणार?’

‘हो.’

‘या चोवीस फुटांत?’

‘थोडं अंगाबरोबर करू.’

काकूंनी चार शेंगा सोलून होईपर्यंत त्यांना लटकत ठेवलं. मग म्हणाल्या, ‘हे बघा. कुंड्या मला कुणीही आणून देईल. तुम्ही परत येता तेव्हा चार दिवस तुमचा चेहरा निराळाच असतो. काय पाहिलंत ते सांगता येत नाही, पण काहीतरी पाहिलेला चेहरा असतो. तसं मला एकदा होऊ दे. कुठंतरी गेल्यासारखं वाटलं, तर राहू दे तुमची बाग. आणि नाही वाटलं, तर महिन्यानंतरच्या मंगळवारी फरशीवाला येतोय.’

‘किती वाजता?’

‘अकराला.’

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं: ‘मंगळवार. फिटिंग. अकराच्या आत.’

दुसऱ्या दिवशी काकूंनी सकाळी दार उघडलं तर अंगणभर बातम्या पसरलेल्या. मास्तरांनी रद्दीच्या वर्तमानपत्रांतून पाचही बागांचे कागद कापले होते आणि दाभणाने मातीला टोचले होते. सगळं चोवीस फुटांत चोख बसत होतं. काकू चपला काढून त्या कागदांवरून चालत गेल्या. वाटेवर भाववाढ होती, तळ्यात कालचं हवामान.

‘कसं वाटतंय?’ मास्तरांनी विचारलं.

‘रद्दीवाल्याकडं गेल्यासारखं.’

पण बोलताना त्या हसल्या, आणि मास्तरांनी तेवढ्यावर गवंड्याला बोलावलं.

गवंडी जुनं गिऱ्हाईक. मास्तरांची वही वाचता येणारा गावात तो एकटाच, कारण त्याची स्वतःची छाती त्याच वहीत होती. मास्तर एकेक कागद उचलून त्याच्या हातात देत, आणि कागद देताना न चुकता एक वाक्य म्हणत: ‘भोवती माया सोड हं.’

माया म्हणजे कापड कापताना मापापेक्षा थोडं जास्त सोडायचं असतं ते. शिवणीत ते आत दुमडून जातं. पुढंमागं माणूस अंगानं भरला, तर उसवून कपडा सैल करता येतो. मास्तरांनी चाळीस वर्षांत मायेशिवाय एक रुमालही कापला नव्हता. शर्टाला अर्धा इंच, कोटाला एक इंच. बागेला किती, असं गवंड्याने विचारलं तेव्हा मास्तरांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘एक वीत. दोन्ही टोकांना.’

गवंड्याने बिनतक्रार सोडली. त्याला वाटलं, मास्तरांना ठाऊक असेल. मास्तरांना वाटलं, हे तर सगळ्या जगाला ठाऊक असतं.

वाट झाली. तळं झालं, पोटासकट. गवंडी मधूनच ओरडायचा, ‘मास्तर, कमानीला खांद्यात पॅड टाकू का?’ आणि मास्तर आतून सांगायचे, ‘नको, नैसर्गिक पडू दे.’ काकू खिडकीतून हे ऐकायच्या आणि बहिणीला जाऊन सांगायच्या की घरात दोन वेडे आहेत, पैकी एक रोजंदारीवर.

सोमवारी दुपारी गवंडी दारात येऊन उभा राहिला. हाताला सिमेंट, चेहऱ्यावर काही नाही.

‘मास्तर, अंगण संपलं.’

‘वा! वेळेत झालं की.’

‘बाग अजून आहे.’

मास्तर टेप घेऊन धावले. पाच तुकडे, प्रत्येकाला दोन विती, एकूण दहा विती. साडेसात फूट. शेवटची पायरी फाटकाखालून निम्मी रस्त्यावर डोकावत होती, त्यामुळे फाटक आता लागत नव्हतं. आणि बाकाची जागा कुंपणाच्या पार पलीकडे, रस्त्याच्या कडेला जी मोकळी पट्टी होती, तिथं गेली होती.

‘माझ्या हातून आजवर एकाचाही शर्ट तंग झाला नाही,’ मास्तर पायरीवर बसून म्हणाले. ‘का? तर माया.’

‘मातीला आत दुमडता येत नाही, मास्तर,’ गवंडी हळूच म्हणाला.

काकू कमरेवर हात ठेवून सगळं पाहत होत्या. ‘कळतंय का तुम्हाला काय झालं ते? वाढत्या अंगाचं शिवलंय तुम्ही. शाळेतल्या पोराला शिवतात तसं. म्हणजे अंगण अजून दोन वर्षांनी यात बरोबर बसेल.’

गवंडी हसला आणि मास्तरांकडे बघून लगेच खोकला.

कापून कमी करावं म्हटलं, तर सिमेंट सुकलेलं. बाक तर परवाच घडवून आलेलं, दोन अर्ध्या भागांत, हमालांनी फाटकाबाहेरच ठेवलेलं. शेवटी ते तिथंच जोडलं. समोर बंदर नव्हतं, डांबरी रस्ता होता. मंगळवारी सकाळी नऊला मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काकूंना वाटेवरून, तळ्याकाठून, कमानीखालून, पायऱ्यांवरून चालवत नेलं आणि बाकावर बसवलं. स्वतः शेजारी उभे राहिले, गिऱ्हाईक आरशासमोर असताना राहतात तसे.

‘डोळे मिटा. आता उघडा. काय वाटतंय?’

काकूंनी मनापासून प्रयत्न केला. मान इकडं केली, तिकडं केली. ‘छान झालंय हो,’ त्या म्हणाल्या. ‘खोटं नाही बोलत. पण आपल्याच घराबाहेर बसल्यासारखं वाटतंय.’

 मास्तरांनी टेप गळ्यातून काढली आणि गुंडाळायला घेतली. काकूंनी त्यांना टेप गुंडाळताना फक्त दुकान बंद करताना पाहिलं होतं. त्यांना एकदम वाटलं, खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं.

आणि बस आली.

रस्त्याच्या कडेला नवंकोरं बाक, त्यावर एक बाई, शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून ताटकळत उभा पुरुष. ड्रायव्हरची यात काही चूक नव्हती. त्याने ब्रेक मारला. दार उघडलं आणि कंडक्टर खेकसला, ‘चला मावशी, चला, आधीच उशीर झालाय!’

‘मला कुठं जायचं नाही,’ काकू म्हणाल्या.

‘मग थांब्यावर कशाला बसलात?’

‘हा थांबा नाही. ही बाग आहे.’

‘बाग कुठंय?’

काकूंनी अंगठ्याने मागं दाखवलं. कंडक्टरने पाहिलं. मग तो खाली उतरून पाहू लागला. मग आतून कुणीतरी विचारलं, ‘काय आहे हो तिथं?’ आणि कंडक्टर वळून म्हणाला, ‘तळं आहे.’ त्यानंतर बस रिकामी व्हायला एक मिनिटही लागलं नाही. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी उतरला, कारण तो जबाबदार माणूस होता. त्याने आधी इंजिन बंद केलं.

प्रवासी ओळीने पायऱ्या चढले. एका म्हाताऱ्याने कमानीला हात लावून विचारलं, ‘हे कुठलं?’ आणि मास्तरांच्या तोंडून पहिल्यांदाच पूर्ण वाक्य निघालं. ‘हे एका स्टेशनाबाहेरचं. गाडी तीन तास उशिरा होती, आणि तीन तास मी हिच्या सावलीत उभा होतो, आणि एकदाही घड्याळ पाहिलं नाही.’ मग ते थांबेचनात. तळ्याचं सांगितलं, त्या रखवालदाराचं सांगितलं, बंदरावरच्या बाकाचं सांगताना त्यांना समुद्रासाठी चौदा शब्द सुचले. काकू हे बाकावरून ऐकत राहिल्या. सगळे आत, त्या एकट्याच बाहेर, आणि समोर दार उघडं टाकलेली रिकामी बस. त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्या उठल्या आणि बसमध्ये चढल्या.

मास्तरांनी कमानीखालून पाहिलं तेव्हा त्या तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसल्या होत्या. मास्तर धावत सुटले. गाडी लागली होती, अगदी फाटकाला लागली होती. पण काकूंना लागली नव्हती. इंजिन गप्प, चाकं गप्प. काकू गजांना नाक लावून बाहेर बघत होत्या. तिथून अंगण पूर्वीचं दिसत नव्हतं. उघडं फाटक, त्यातून बाहेर सांडणाऱ्या पायऱ्या, कमान, मागं पाण्याचा तुकडा, आणि अनोळखी माणसं हळूहळू हिंडताहेत.

‘अहो,’ त्यांनी खिडकीतून विचारलं, ‘कुठलं हो हे गाव?’

मास्तरांना पुन्हा एकही शब्द सुचेना.

‘छान दिसतंय,’ काकू म्हणाल्या. ‘इथं उतरू या का आपण?’

आणि त्या उतरल्या. पिशवी नसतानाही हातात पिशवी असल्यासारख्या, पायरी चाचपत, प्रवासातून आलेल्या माणसासारख्या उतरल्या. बाग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. तळ्याशी एका बाईला म्हणाल्या, ‘आम्ही पहिल्यांदाच आलो इकडं.’ त्यांचा चेहरा मास्तरांनी नीट पाहून घेतला. निराळाच होता.

अकराला फरशीवाला आला. त्याला चहा देऊन बाकावर बसवलं. साडेअकराची बस त्याच्यासाठीही थांबली, आणि तो नको नको म्हणत असताना कंडक्टरने त्याला चढवून नेलं.

त्या दिवसापासून बस तिथं थांबते, पण नियमाप्रमाणे एकच मिनिट. एका मिनिटात काकूंचं चढणं होतं, गाव बघणं होत नाही. ‘आमच्या हातात काही नाही, मावशी,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘अर्ज करा. आमच्याकडं अर्जाशिवाय पंखासुद्धा फिरत नाही.’

मास्तरांनी तीन दिवस खपून अर्ज लिहिला. तो असा:

‘प्रति, मा. मुख्य वाहतूक अधिकारी. विषय: न हलणारी बस मंजूर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराच्या पत्नीस प्रवासाची अतिशय आवड असून केवळ वाहन चालू लागल्यामुळे त्यात अडथळा येतो. तरी आमच्या फाटकासमोर एक बस, तिसऱ्या ओळीतील खिडकीसह, कायमस्वरूपी उभी करण्यात यावी. तथापि एकच गाव वारंवार पाहून प्रवाशास कंटाळा येण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब, सदर बस जागेवरच ठेवून रस्ता तिच्या खिडकीजवळून, दोन्ही बाजूंची झाडे, दुकाने, डोंगर व उपलब्ध असल्यास समुद्र यांसह, बेताच्या वेगाने नेण्यात यावा, व सायंकाळी सहापूर्वी तो परत आणून ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.’