तोफेची तिसरी थाप

मुलाने आईच्या चपला पिशवीत कोंबल्या आणि दवाखान्याच्या पलंगाच्या चाकाचा खटका पायाने वर केला.

"मी हिला इथे ठेवणार नाही. गाडी दारात उभी आहे."

"हात तर लावून बघ पलंगाला!" त्याच्या बहिणीने खटका पुन्हा दाबला.

पलंगावर त्यांची आई रागाने धुमसत होती. सकाळी फळबाजारात सफरचंदांच्या पेटीवर ठेवलेला तिचा उजवा हात एकाएकी घसरून खाली लोंबला, आणि पुढची बोली पुकारायला गेली तर शब्दच फुटेना. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं. म्हणून तर जास्त संताप. मेल्यांनो, माझ्या उशाशी भांडता, पण मला कोणी विचाराल का? एवढंच तिला म्हणायचं होतं.

"पेटी," ती म्हणाली. "पेटी, पेटी."

"बघ, भ्रमात बोलतेय," मुलगा म्हणाला.

तिने मनातल्या मनात त्याला ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. मनात त्या अगदी स्पष्ट होत्या. शिवीसुद्धा तोंडातून बाहेर पडू नये, हा कसला मेला आजार! लग्नाआधीपासून लिलाव पुकारणारी ही बाई, बाजार तिला तोफ म्हणायचा. दोन व्यापारी हमरीतुमरीवर आले की ती लिलावाच्या फळीवर तीन थापा मारायची. तिसऱ्या थापेनंतर बोली बंद. मग कोणी कितीही आदळआपट करो. आणि ज्याच्या हातून माल गेला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "उद्या ये." ते दोन शब्द ती कधी विसरली नाही, म्हणून तिच्याशी कोणी वैर धरलं नाही.

डॉक्टर आत आला. पोरगेलासा होता, डोळे तारवटलेले.

"आजी!" तो तिच्या कानाशी ओरडला. "कसं वाटतंय?"

आजी कोणाची रे? आणि बहिरी कोण आहे इथे?

उत्तराची वाट न बघता तो मुलांकडे वळला. "ठरलं का तुमचं? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तयार आहे. ते लवकर दिलं तरच उपयोग."

"इंजेक्शन नको," मुलगा म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात तार घालून गुठळी ओढून काढतात. तिकडेच नेतो."

"अरे, जाईपर्यंत किती वेळ जाईल!" बहीण म्हणाली.

"बाबांच्या वेळीही तू हेच म्हणालीस, ताई. इथेच राहू, औषध चालू आहे. तार घातली असती तर बाबा आज असते!"

ताईचा चेहरा उतरला. पलंगावरच्या बाईने डोळे गच्च मिटले. म्हणजे हे होतं तर. पोरगा तिच्यासाठी भांडतच नव्हता, गेलेल्या बापासाठी भांडत होता.

"तुमच्या वडिलांची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती, असं ताई म्हणाल्या," डॉक्टर जरा नरमला. "तिथे तारेने खरंच जीव वाचतात. तसं असतं तर मीच तुम्हाला इथून पळवलं असतं. पण यांची गुठळी पार टोकाच्या बारीक फांदीत आहे. अशा ठिकाणी तार घातलेले रुग्ण आणि नुसती औषधं दिलेले रुग्ण, दोन्ही पडताळून पाहिलेत. तारेने काही जास्त बरे झाले नाहीत. उलट काहींना त्रास झाला."

"बारीक फांदी म्हणे! आमच्या आईची वाचा गेली, आणि हे बारीक!"

आता कसं शहाण्यासारखं बोललास, तिला वाटलं.

"इंजेक्शनने रक्तस्राव होतो, हेही तुम्हीच सांगितलंत ना?" मुलगा डॉक्टरवर उखडला.

"होऊ शकतो. क्वचित, पण होतो. ते मी लपवणार नाही." डॉक्टरचाही आवाज चढला. "पण तुम्ही इथे भांडत बसाल तितकी आत मेंदूची नासाडी होत राहील, हे तरी ऐका!"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आपल्या मालावरचा डाग स्वतः दाखवणारी माणसं तिने बाजारात फार थोडी पाहिली होती. त्यांचा माल ती डोळे झाकून फळीवर घ्यायची.

बहीण-भाऊ पुन्हा एकदम बोलू लागले. मग तिने डावा हात उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर थाप मारली. कोणी वळलं नाही. तिने दुसरी मारली. तिसरी अशी मारली की सलाइनचा स्टँड हलला.

या वेळी तिघेही वळले.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, आई भ्रमात नाहीये. तिने बोली बंद केलीय."

थाप मारलेल्याच हाताचं बोट डॉक्टरच्या ट्रेमधल्या इंजेक्शनकडे वळलं. डॉक्टर खाली वाकला. या वेळी तो ओरडला नाही.

"हे इंजेक्शन देऊ? धोका ऐकलात ना तुम्ही? हो असेल तर माझं बोट दाबा."

तिने असं दाबलं की तो कळवळला.

औषध नळीतून उतरू लागलं. ताई नर्सच्या शेजारी उभी राहून आईकडे बघत होती. मुलगा मात्र भिंतीशी स्टुलावर जाऊन बसला, पाठ फिरवून, चपलांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. थेट बापासारखा फुगून बसला होता. तिचा राग अजून विझला नव्हता, पण त्या पाठीकडे बघवेना. तिने डावा हात त्याच्या दिशेने लांब केला. तो खांद्यापर्यंत पोचेना. तिने ओठ हलवले, पुन्हा हलवले. नर्स काही विचारत होती, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

"उ…" ती म्हणाली. "उद्या."

मुलगा गर्रकन वळला.

"उद्या ये."

"कुठे जाऊन येऊ?" तो तिच्यावर खेकसला, आणि खेकसता खेकसता त्याचा आवाज फुटला. "इथेच तर आहे ना मी!"

मग तो उठला, पिशवीतून चपला काढल्या आणि तिच्या पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या.